मोबाईलमधील फाईली संगणकावर बिनतारी मार्गाने कशा न्याव्यात

शेतात पीक उत्तम आले, परंतु ते खळ्यापर्यंत सुखरूप पोहोचले नाही, तर शेतकऱ्याच्या पदरी काय पडणार? हाच न्याय आज माहितीलाही लागू पडतो. पिकावरील रोगाचे फोटो, अतिवृष्टीने झालेल्या नुकसानीची चित्रे, माती परीक्षणाचा अहवाल, बाजार समितीतील हिशेबपट्टी, गटाच्या सभेचे इतिवृत्त अशी कितीतरी उपयुक्त माहिती हल्ली शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये साठलेली असते. परंतु अर्जाला जोडण्यासाठी, छापून घेण्यासाठी अथवा कायमची जपून ठेवण्यासाठी ती संगणकावर न्यावी लागते, आणि नेमके याच ठिकाणी काम अडते. तार जवळ नसते. असली तर ती केवळ विद्युतभार भरण्यापुरतीच असते व तिच्यातून माहिती वाहत नाही. किंवा ती फोनच्या तोंडाला बसत नाही.

वास्तविक पाहता हे काम तारेवाचून, आणि बहुधा इंटरनेटवाचूनही, काही मिनिटांत होऊ शकते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही विद्या स्वतः नीट आत्मसात करावी व ती शेतकरी बंधु-भगिनींना प्रात्यक्षिकासह शिकवावी, या हेतूने प्रस्तुत पाठ दिला आहे.

या विषयाचे महत्त्व

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी आणि महापूर यांमुळे उभी पिके पाण्याखाली गेली व अनेक ठिकाणी जमिनीही खरवडून गेल्या. अशा प्रसंगी शेतकऱ्याने शेतात उभे राहून काढलेला फोटो हा एक मोलाचा पुरावा असतो. पंचनाम्याचे स्थान तो घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु पंचनाम्याला तो आधार देऊ शकतो. पाणी ओसरते, चिखल वाळतो, रब्बीच्या पेरणीसाठी रान मोकळे करावे लागते. मग तो फोटो पुन्हा काढता येत नाही. अशा वेळी तो केवळ एकाच फोनमध्ये राहणे धोक्याचे आहे. फोन पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो किंवा जागा भरली म्हणून घरातील एखादे मूल त्यातील जुने फोटो पुसून टाकते. म्हणून मोलाच्या फाईलीची दुसरी प्रत संगणकावर त्याच दिवशी घेऊन ठेवणे हितावह होय. बियाण्याची एक पिशवी घरात आणि एक शेजाऱ्याकडे ठेवणारा शेतकरी ही गोष्ट सहज समजू शकेल.

येथे एक शंका साहजिकच उपस्थित होते. फोटो संदेशाच्या ॲपमधून पाठविता येत असताना हा निराळा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर असे की, व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून फोटो नेहमीच्या रीतीने पाठविला असता तो आक्रसून लहान केला जातो. पानावरील बारीक ठिपके, किडीची अंडी किंवा अहवालातील लहान अक्षरे त्यामुळे अस्पष्ट होतात. शिवाय मूळ फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख, वेळ आणि स्थाननोंद चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवून ठेवतो. ही नोंद या प्रवासात गळून पडते. त्याच ॲपमधून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास तो मूळ स्वरूपात जातो. परंतु त्यासाठी इंटरनेट लागते, आणि पूर आला असता अनेकदा तेच बंद पडलेले असते. बिनतारी थेट देवघेवीत मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते, हा तिचा मुख्य लाभ आहे.

बिनतारी देवघेव म्हणजे काय?

आकाशवाणीचा आवाज ज्या विद्युतचुंबकीय लहरींवरून घरापर्यंत येतो, त्याच जातीच्या लहरींवरून फाईलही एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाते. अशा लहरींवर आपल्या देशात मूलगामी प्रयोग करणारे शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बोस होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी कोलकात्यात हे प्रयोग करून दाखविले. संगणकांमध्ये फाईली कशा पाठवाव्यात याची पहिली लिखित रीत, म्हणजे ‘एफटीपी’, हीसुद्धा एका भारतीयाच्याच हातची आहे. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटी या संस्थेत असताना एप्रिल १९७१ मध्ये ती लिहिली. सारांश, हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

या कामासाठी मोबाईल व संगणक यांत दोन प्रकारची व्यवस्था असते.

पहिली ब्लूटूथ. ही जवळच्या अंतरासाठी असून साधारण १० मीटरच्या आत काम करते. तिची योजना १९९४ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन या कंपनीत सुरू झाली आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी एकत्र येऊन तिचा प्रसार आरंभिला. दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून तिला नाव दिले आहे.

दुसरी वाय-फाय. हिचे पहिले प्रमाणमान १९९७ मध्ये ठरले. ती अधिक वेगवान असून तिचा पल्लाही मोठा असतो.

ब्लूटूथच्या आणि बऱ्याचशा वाय-फायच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. अशा लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी असते. दगडमातीच्या जाड भिंती तिला क्षीण करतात, पत्रा तिला परतवितो आणि पाणी तिला शोषून घेते. म्हणून फाईल पाठविताना फोन व संगणक एकाच खोलीत, शक्यतो एकाच मेजावर ठेवावेत. एक यंत्र ओसरीवर आणि दुसरे माजघरात असे करू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही दोन यंत्रांमधील पाऊलवाट आहे; इंटरनेट हा त्यापुढचा हमरस्ता आहे. हमरस्ता बंद असला तरी पाऊलवाटेने शेजाऱ्याकडे जाता येते. त्याचप्रमाणे इंटरनेट नसतानाही फोनमधून शेजारच्या संगणकात फाईल जाऊ शकते आणि त्यासाठी डेटाचा खर्च होत नाही.

वेगाचा हिशेब

कोणते साधन केव्हा वापरावे, हे ठरविण्यासाठी थोडा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. फाईलीचा आकार ‘बाईट’मध्ये मोजतात व वहनाचा वेग ‘बिट’मध्ये सांगतात. ८ बिट म्हणजे १ बाईट. ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे २ मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाईट धरावा. वाय-फायचा वेग यंत्रांनुसार बराच बदलतो. हिशेबासाठी आपण तो बेताचा, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट किंवा ५ मेगाबाईट धरू.

४ मेगाबाईटचा एक फोटो ब्लूटूथने १६ सेकंदांत जाईल. वाय-फायने एका सेकंदाच्या आत जाईल.

असे ५० फोटो म्हणजे २०० मेगाबाईट. त्यांना ब्लूटूथने १३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. वाय-फायने ४० सेकंद पुरतील.

३०० मेगाबाईटच्या चित्रफितीला ब्लूटूथने २० मिनिटे लागतील. वाय-फायने १ मिनिट.

यावरून असे दिसून येईल की, एकदोन फोटो किंवा एखादा अहवाल पाठवावयाचा असेल तर ब्लूटूथ पुरेसे आहे. डोक्यावरून एक पाटी न्यावी तसे ते काम आहे. फोटोंचा ढीग किंवा चित्रफीत न्यावयाची असेल तर मात्र वाय-फायची गाडीच जुंपली पाहिजे.

पूर्वतयारी

१. दोन्ही यंत्रांत पुरेसा विद्युतभार आहे याची खात्री करावी. काम अर्धवट असताना फोन बंद पडल्यास फाईल अपुरी राहते.

२. संगणकावर मोकळी जागा किती आहे ते पाहावे आणि आलेल्या फाईली ठेवण्यासाठी एक स्वतंत्र कप्पा आधीच तयार करावा.

३. मेजावरील काही संगणकांत ब्लूटूथ अथवा वाय-फायची सोय मुळातच नसते. अशा संगणकाला यूएसबीच्या भोकात बसविण्याचा लहानसा खुंटा मिळतो, तो बसवावा. अंगावर वागविण्याच्या संगणकांत, म्हणजे लॅपटॉपमध्ये, या दोन्ही सोयी बहुधा असतात.

४. कोणते फोटो न्यावयाचे ते आधी निवडून ठेवावेत. निवड न करता सगळेच पाठविल्यास नको असलेले खासगी फोटोही दुसऱ्याच्या संगणकात जातात.

पद्धत पहिली : ब्लूटूथ

ही पद्धत अँड्रॉइड फोन व विंडोज संगणक यांच्यासाठी आहे. यंत्राच्या आवृत्तीनुसार पडद्यावरील शब्दांत थोडाफार फरक पडेल, परंतु क्रम हाच राहील.

प्रथम दोन्ही यंत्रांतील ब्लूटूथ चालू करावे. संगणकाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ब्लूटूथच्या विभागात जाऊन नवे यंत्र जोडण्याची कळ दाबावी व यादीतून आपल्या फोनचे नाव निवडावे. दोन्ही पडद्यांवर एक सहा अंकी संख्या उमटेल. ती दोन्हीकडे एकच आहे हे डोळ्यांनी पाहूनच होकार द्यावा. यालाच जोडणी करणे म्हणतात व ती एकदाच करावी लागते.

त्यानंतर, फोनवरून काही पाठविण्यापूर्वी, संगणकावर त्याच विभागातील ‘ब्लूटूथद्वारे फाईली पाठवा किंवा स्वीकारा’ या अर्थाची ओळ शोधावी आणि ‘रिसीव्ह फाईल्स’ म्हणजे ‘फाईली स्वीकारा’ हा पर्याय उघडून ठेवावा. ही पायरी गाळल्यामुळेच बहुसंख्य लोकांची फाईल जात नाही. दार उघडल्याशिवाय गाडी अंगणात येणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

मग फोनवर फोटो निवडून ‘शेअर’ची खूण दाबावी, ‘ब्लूटूथ’ निवडावे आणि यादीतील संगणकाच्या नावावर बोट ठेवावे. फाईल पोहोचल्यावर संगणक ती कोठे ठेवू असे विचारतो. जागा निवडून ‘फिनिश’ ही कळ दाबावी. तोपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

पद्धत दुसरी : क्विक शेअर

अँड्रॉइड फोनमध्ये ‘क्विक शेअर’ नावाची सोय असते. गूगलने २०२० मध्ये ही सोय ‘निअरबाय शेअर’ या नावाने आणली होती. २०२४ मध्ये सॅमसंगच्या सोयीशी एकत्र करून तिला आजचे नाव दिले. विंडोज १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीच्या संगणकावर तिचे ॲप गूगलच्या अधिकृत संकेतस्थळावरून एकदा उतरवून घ्यावे लागते. तेवढ्यापुरते इंटरनेट आवश्यक आहे.

या पद्धतीत दोन्ही व्यवस्थांचा मेळ घातलेला असतो. ब्लूटूथच्या साह्याने यंत्रे एकमेकांना ओळखतात व माल मात्र वाय-फायवरून वाहिला जातो. म्हणून दोन्ही यंत्रांत ब्लूटूथ आणि वाय-फाय ही दोन्ही चालू ठेवावीत. संगणकावर ॲप उघडून कोणाकडून फाईली स्वीकारावयाच्या ते ठरवावे. फोनवर फोटो निवडून ‘शेअर’ व मग ‘क्विक शेअर’ दाबावे, संगणकाचे नाव दिसताच त्यावर बोट ठेवावे आणि संगणकावर होकार द्यावा. आलेली फाईल सामान्यतः ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात जाऊन बसते. सर्वांकडून फाईली स्वीकारण्याचा पर्याय काम संपताच बंद करावा.

पद्धत तिसरी : स्वतःचे हॉटस्पॉट आणि लोकलसेंड

ज्या गावी वाय-फायचा संच नाही अथवा इंटरनेट वारंवार तुटते, तेथे ही पद्धत विशेष सोयीची आहे. ‘लोकलसेंड’ हे विनामूल्य ॲप असून त्याची रचना सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स व मॅक या सर्वांवर चालते, आणि फाईल सांकेतिक रूपात बंद करून पाठविते. फोनवर व संगणकावर ते आगाऊ उतरवून ठेवावे. आणीबाणीच्या दिवशी शोधत बसू नये.

कृती अशी करावी. फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘हॉटस्पॉट’ चालू करावे व त्याला चांगला परवलीचा शब्द द्यावा. संगणकाच्या वाय-फाय यादीत त्या हॉटस्पॉटचे नाव निवडून तो शब्द घालावा. आता दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात आली. दोन्हीकडे लोकलसेंड उघडावे. हे ॲप प्रत्येक यंत्राला आपोआप एखाद्या फळाचे वगैरे टोपणनाव देते. आपल्या संगणकाचे नाव कोणते ते पाहून ठेवावे. फोनवर ‘सेंड’ दाबून फोटो निवडावेत, संगणकाच्या नावावर बोट ठेवावे आणि संगणकावर ‘ॲक्सेप्ट’ दाबावे.

येथे एक सावधगिरी बाळगणे जरूर आहे. फाईल पाठविण्यास डेटा लागत नाही; परंतु हॉटस्पॉटला जोडलेला संगणक संधी साधून आपली अद्ययावत आवृत्ती इंटरनेटवरून ओढू लागतो आणि शेतकऱ्याचा दिवसभराचा डेटा संपवून टाकतो. म्हणून फाईली पाठविताना फोनचा मोबाईल डेटा बंद ठेवावा. त्यामुळे फाईलीच्या देवघेवीला बाध येत नाही.

काही फोनमधील फाईल व्यवस्थापक ॲपमध्ये ‘एफटीपी’चीही सोय असते. ती सुरू केल्यावर पडद्यावर दिसणारा पत्ता संगणकात लिहिला की फोनमधील कप्पे संगणकावर उघडतात. ही रीत जलद असली तरी तिच्यात माहिती उघडीच प्रवास करते. सबब ती केवळ स्वतःच्या हॉटस्पॉटवर वापरावी व काम संपताच बंद करावी.

आयफोन असल्यास

ॲपलच्या यंत्रांमध्ये ‘एअरड्रॉप’ ही सोय २०११ पासून आहे. आयफोन व मॅक संगणक यांच्यामध्ये ती उत्तम चालते. परंतु आयफोन हा विंडोज संगणकाकडे ब्लूटूथने फोटो पाठवीत नाही. तेथे तिसरी पद्धत अवलंबावी. आयफोनचे फोटो पुष्कळदा ‘एचईआयसी’ नावाच्या स्वरूपात असतात आणि अनेक ठिकाणी अर्जासोबत ते स्वीकारले जात नाहीत. कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’ या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास पुढील फोटो सर्वमान्य ‘जेपीईजी’ स्वरूपात निघतात.

पडताळा घेतल्यावाचून मूळ प्रत पुसू नये

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. समजा, एका शेतकऱ्याने नुकसानीचे ४० फोटो संगणकाकडे पाठविले. ३१ वा फोटो जात असताना जोडणी तुटली. पडद्यावर फोटोंची लांब रांग दिसल्यामुळे सर्व आले असे समजून त्याने फोनमधील जागा मोकळी केली. उरलेले फोटो कायमचे गेले. आणि कदाचित नाल्याकडील वाहून गेलेल्या बांधाचे फोटो त्यांतच असतील. असे होऊ नये म्हणून पुढील क्रम कटाक्षाने पाळावा.

१. पाठविलेल्या व मिळालेल्या फाईलींची संख्या ताडून पाहावी. पोती मोजूनच गाडी सोडतात, तसेच हे आहे.

२. पहिली, मधली व शेवटची अशा किमान तीन फाईली संगणकावर उघडून पाहाव्यात. महत्त्वाच्या असल्यास सर्व उघडाव्यात.

३. फाईलीचा आकार दोन्हीकडे सारखा आहे काय, ते पाहावे. संगणकावरील आकार कमी असल्यास फाईल अपुरी आली आहे असे समजावे.

४. संगणकावरील प्रतीची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

५. एवढे झाल्यावरच, आणि तेही जागेची खरी अडचण असल्यास, फोनमधील प्रत पुसावी. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शक्यतो ती पुसूच नये.

फाईलींना नावे देण्याची रीत

कॅमेरा फोटोंना केवळ क्रमांक देतो. सहा महिन्यांनी त्यांतून हवा तो फोटो शोधणे म्हणजे चिठ्ठी नसलेल्या पिशव्यांतून वाण ओळखण्यासारखे आहे. म्हणून संगणकावर आल्यावर त्याच दिवशी नाव द्यावे. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गट क्रमांक, पीक व फोटोचा क्रमांक असावा; उदाहरणार्थ, ‘२०२५-०९-२३-गट११२-सोयाबीन-०१’. वर्ष प्रथम लिहिल्यामुळे फाईली आपोआप कालक्रमाने मांडल्या जातात. काही संकेतस्थळे देवनागरी नावाची फाईल घेत नाहीत. तेथे पाठवावयाच्या प्रतीला रोमन अक्षरांत व अंकांत नाव द्यावे. मूळ फोटोवर रेघा, बाण किंवा मजकूर उमटवू नये. तसे करावयाचे झाल्यास ते प्रतीवर करावे.

सुरक्षिततेचे नियम

बिनतारी लहरींना कुंपण नसते. आपण दार उघडे ठेवले तर हवे तसेच नको असलेलेही आत येऊ शकते. यासाठी पुढील नियम ध्यानी धरावेत.

अनोळखी यंत्राकडून आलेली फाईल स्वीकारू नये. काम संपताच ब्लूटूथ व हॉटस्पॉट बंद करावे.

‘एपीके’ या अक्षरांनी शेवट होणारी फाईल म्हणजे फोटो किंवा कागद नसून ॲप असते. शासकीय योजनेच्या, अनुदानाच्या किंवा बँकेच्या नावाने अशा बनावट फाईली पसरविल्या जातात आणि त्या उघडल्या असता बँकेतील पैसे जाण्याचा धोका असतो. कितीही परिचित व्यक्तीने पाठविली असली तरी अशी फाईल उघडू नये.

फाईल-देवघेवीची ‘शेअरइट’ व ‘झेंडर’ ही ॲप एकेकाळी गावोगावी वापरात होती. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. ती आडमार्गाने मिळवून वापरू नयेत.

सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर आधारपत्र, बँकेचे पुस्तक किंवा सातबारा छपाईसाठी पाठविल्यास, छपाई होताच ती फाईल आपल्यासमोर पुसावयास सांगावी व ‘रिसायकल बिन’ ही कचरापेटीही रिकामी करून घ्यावी. आधार क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत अधिकृतपणे मिळते. जेथे ती चालते तेथे तीच द्यावी.

पैशांची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

फोनच्या यादीत संगणक दिसत नाही. दोन्हीकडील ब्लूटूथ व वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे. दोन्ही पडदे जागे ठेवावेत. यंत्रे जवळ आणावीत.

एकाच वाय-फायवर असूनही यंत्रे एकमेकांना ओळखत नाहीत. रेल्वे स्थानक, कार्यालय अशा सार्वजनिक ठिकाणच्या वाय-फायमध्ये सुरक्षिततेसाठी यंत्रे एकमेकांपासून अलग ठेवलेली असू शकतात. तेथे स्वतःचे हॉटस्पॉट वापरावे.

घरच्या वाय-फायवरही तोच अनुभव येतो. संगणकाने ते जाळे ‘पब्लिक’ म्हणजे परके मानले असावे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ म्हणजे स्वतःचे असे करावे. हा बदल केवळ आपल्या घरच्या किंवा आपल्या हॉटस्पॉटच्या जाळ्यापुरताच करावा.

फाईल मध्येच थांबते. फोनचा पडदा मिटल्यावर काही फोन बॅटरी वाचविण्यासाठी काम थांबवितात. फाईल पोहोचेपर्यंत पडदा चालू ठेवावा आणि बॅटरी बचतीची सोय तात्पुरती बंद करावी.

आलेली फाईल सापडत नाही. प्रथम ‘डाउनलोड्स’ कप्पा पाहावा. नंतर आजच्या तारखेने शोध घ्यावा.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ही विद्या व्याख्यानाने येत नाही. हाताने करूनच येते. म्हणून गावात प्रात्यक्षिक ठेवताना पाच ते दहा जणांचा लहान गट घ्यावा. प्रथम कार्यकर्त्याने एक फोटो पाठवून दाखवावा. त्यानंतर प्रत्येकाने आपल्याच फोनमधून आपल्या पिकाचा एक फोटो संगणकावर पाठवावा, तो उघडून पाहावा व त्याला नाव द्यावे. दुसऱ्याचा फोन स्वतः हातात घेऊन झटपट काम करून देण्याचा मोह टाळावा. त्यामुळे काम होते, परंतु शिक्षण होत नाही. महिला बचत गटांच्या सभासदांना आवर्जून बोलवावे. अनेक घरांत गटाचा हिशेब त्याच सांभाळतात, आणि त्या हिशेबाच्या वहीच्या पानांचे फोटो संगणकावर सुरक्षित राहणे गटाच्या दृष्टीने लाभदायक ठरेल.

प्रात्यक्षिकासाठी पावसाळ्याची वाट पाहू नये. मृगापूर्वी कामाची घाई नसते. तेव्हाच ॲप उतरविणे, जोडणी करणे व सराव करणे उरकून घ्यावे. वाहता ओढा ओलांडताना पोहणे शिकता येत नाही.

सारांश

थोड्या फाईलींसाठी ब्लूटूथ, पुष्कळ फाईलींसाठी क्विक शेअर आणि जेथे इंटरनेट नाही किंवा यंत्रे निरनिराळ्या जातीची आहेत तेथे हॉटस्पॉट व लोकलसेंड, ही निवड स्मरणात ठेवावी. फाईल मूळ स्वरूपात पाठवावी, मोजून व उघडून पाहावी, तारखेसह नाव द्यावे आणि पडताळा घेतल्यावाचून फोनमधील प्रत पुसू नये. शेतातील धान्य जपण्याची जी शिस्त आपल्या शेतकऱ्यांच्या अंगी पिढ्यान्पिढ्या बाणलेली आहे, तीच माहितीच्या बाबतीत पाळली तर ऐन गरजेच्या वेळी पुरावा नाही म्हणून हात चोळीत बसण्याची पाळी येणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. वाय-फाय व इंटरनेट यांत फरक कोणता?

२. ४ मेगाबाईटचे २५ फोटो ब्लूटूथने पाठविण्यास सुमारे किती वेळ लागेल?

३. ब्लूटूथने फाईल पाठविण्यापूर्वी संगणकावर कोणती पायरी करणे आवश्यक आहे?

४. हॉटस्पॉट वापरताना मोबाईल डेटा बंद का ठेवावा?

५. फोनमधील मूळ फोटो पुसण्यापूर्वी कोणकोणता पडताळा घ्यावा?